धुऱ्यावरची तार

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावाच्या शिवारात दिवाळीनंतर कापूस फुटलेला असतो, तूर कंबरेपार गेलेली असते आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नसतो. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रातोरात तुरीचे शेंडे खुडून जातो. रानडुकरं चण्यात शिरली, की सकाळी नुसती उकरलेली माती उरते. म्हणून जागल: मचाण, टॉर्च, फटाके, हाळ्या. आणि जिथे जागल झेपत नाही, तिथे एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विजेची तार.

वनरक्षकाची गस्त त्यामुळे जंगलात संपत नाही, ती धुऱ्यांवरूनही चालते. पिकाच्या कडेने ठोकलेल्या बुटक्या खुंट्या, डुकराच्या छातीच्या उंचीवर ओढलेली उघडी तार, विजेच्या लाइनवर टाकलेला आकडा, एका सरळ रेषेत करपलेलं गवत. हे दिसलं की पाऊल तिथेच थांबतं. आधी महावितरणच्या लाइनमनला फोन, डीपी बंद, टेस्टर लावून खात्री, मगच तारेला हात. हा क्रम चुकवून चालत नाही. अशा तारांनी विदर्भात माणसंही मेली आहेत.

झटका मशीन वेगळं. बॅटरीवर चालणाऱ्या त्या कुंपणात क्षणभराचा झटका बसतो आणि जनावर मागे फिरतं. आकड्याच्या तारेतला प्रवाह मात्र थांबत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीचा प्रयत्नही शिकारच ठरतो. त्यामुळे तारेला काही अडकलं नसलं, तरी गुन्हा नोंदवता येतो. माझ्या मते वनरक्षकाची सगळ्यात मोलाची कारवाई हीच, रिकाम्या तारेवरची. तिची बातमी क्वचितच होते.

बातमी झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, याच वर्धा जिल्ह्यात. ब्रह्मपुरीच्या परिसरात पकडलेली टी-२७ सी-१ ही तरुण वाघीण जुलैत रेडिओ कॉलर लावून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली होती. ती तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत पाचशे किलोमीटरांहून अधिक भटकली. माणसांवर हल्ले झाले, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माग काढणारी पथकं मागावर असतानाच कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीजवळ एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने ती मेली. तिच्यासाठी ती तार कुणी लावली नव्हती.

असा मृत्यू झाला की काम कागदावर येतं. जागा दोरीने वेढायची, पंच बोलवायचे, मोका पंचनामा करायचा. तार मोजून, गुंडाळून, लाखेचं सील लावायचं. आकडा नेमका कोणत्या खांबावर होता ते लिहायचं. नखं, दात, मिशा जागेवर आहेत का ते पाहायचं. प्राथमिक अपराध अहवाल, म्हणजे वनखात्याच्या बोलीतला पीओआर, वनरक्षकाच्या हातचा असतो. त्यात खांबाचा क्रमांक चुकला किंवा सीलवर पंचांच्या सह्या राहून गेल्या, तर काही वर्षांनंतर न्यायालयात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. वाघाच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. पण तिथवर पोचायचं ते शेतात उभं राहून लिहिलेल्या पानांवरून.

पंच मिळणं हीच खरी कसोटी. साक्ष द्यायची ती शेजारच्या शेतकऱ्याविरुद्ध, आणि उद्या त्याच्याच शेतालगतच्या पांदणीने बैल न्यायचे असतात.

वनरक्षकालाही त्याच पांदणीने परत यायचं असतं, आणि पुष्कळदा दुसऱ्याच कामाला. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं, तर शेतकऱ्याने तीन दिवसांत अर्ज द्यायचा असतो. मग वनकर्मचारी, तलाठी आणि कृषी सहायक मिळून बांधावर येतात, तुडवलेल्या ओळी मोजतात, खुरांचे ठसे पाहतात: रोही की डुक्कर? ज्या हाताने काल तार जप्त केली, तोच हात आज नुकसान लिहितो. भरपाईला उशीर झाला, की धुऱ्यावर पुन्हा खुंट्या दिसू लागतात, आणि रात्रीची फेरी त्या बाजूने वळवावी लागते.