शब्दांचे कुंपण

पेटंटच्या कागदपत्रात आकृत्या असतात, वर्णन असते आणि अखेरीस क्रमांक घातलेली काही लांबलचक वाक्ये असतात. त्यांना 'दावे' म्हणतात. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार संशोधकाचा हक्क कुठवर पोहोचतो हे या दाव्यांवरून ठरते. शेताला कुंपण, तसे शोधाला दावे.

समजा, मासे पकडण्याच्या गळाचा एक दावा असा आहे: 'टोकाकडे निमुळती होत जाणारी पोकळ काठी, तिच्या बुडाशी रीळ बसवण्याची खोबण आणि दोरी ओवण्यासाठी काठीवर काटकोनात बसवलेल्या किमान तीन कड्या यांचा समावेश असलेला गळ.'

आता दुसऱ्या कुणी चार कड्यांचा गळ केला, तर? 'किमान तीन' असल्याने तो कुंपणाच्या आत येतो. त्याने बुचाची मूठ जोडली, तरीही आतच. कारण 'समावेश असलेला' म्हटल्यावर जास्तीची वस्तू चालते. 'फक्त यांचाच बनलेला' असे लिहिले असते, तर मात्र ती मूठ त्याला बाहेर घेऊन गेली असती. आणि दोनच कड्या असतील, तर शब्दशः तो बाहेरच.

म्हणजे दाव्यात जितके जास्त शब्द, तितके संरक्षण कमी! हे विद्यार्थ्यांना उलटे वाटते. त्यांना चौकोन, समांतरभुज चौकोन आणि चौरस आठवायला सांगा. अटी वाढल्या की संच आक्रसतो. मग 'काठी आणि तिला बांधलेली दोरी' एवढाच दावा का करू नये? कारण तसा गळ माणूस फार पूर्वीपासून वापरतो आहे. त्यात नवे काहीच नाही. पुरेसे रुंद, पण जुन्याला न शिवणारे कुंपण घालणे, हीच खरी कसोटी.

आता 'काटकोनात' हा शब्द पाहा. कडी ८४ अंशांत बसवली, तर? असाच पेच ब्रिटनमध्ये 'कॅटनिक' खटल्यात पडला होता. दारा-खिडक्यांवरच्या पोलादी लिंटेलची मागची पट्टी 'उभी' असावी, असे दाव्यात होते. प्रतिस्पर्ध्याने ती ६ ते ८ अंश कलती ठेवली. अपील न्यायालय म्हणाले, भंग नाही. १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय फिरवला. लॉर्ड डिप्लॉक यांनी विचारले, की बांधकामातला जाणकार माणूस हा शब्द वाचून काय समजेल? ६ अंशांचे कोसाइन ०.९९४५, म्हणजे भार पेलण्यात नाममात्र फरक. तेव्हा भूमितीतला अचूक ९० अंशच हवा, असे लिहिणाऱ्याला अभिप्रेत असण्याचे कारण दिसत नाही.

याचा अर्थ शब्द कसेही ताणता येतात, असा नव्हे. शब्दाचे त्या वस्तूत काम काय, हे पाहून अर्थ लावायचा.

वर्गात एखाद्या कंपासपेटीचा दावा एका गटाकडून लिहून घ्या आणि त्यातून निसटणारी पेटी दुसऱ्या गटाला सुचवू द्या. नेमके लिहिणे म्हणजे काय, हे मुलांना त्यातून कळेल.