भरलेला दिला, एम्प्टी घेतला?

उरणच्या न्हावा शेवा बंदराच्या गेटबाहेर ट्रेलरची रांग लागली की चहाच्या टपरीवर जुने खटले पुन्हा उभे राहतात. त्यातला सगळ्यात जुनाट खटला हार्दिक पांड्याचा. "गुजरातनं भरलेला कंटेनर दिला आनि एम्प्टी घेतला," क्लिअरिंगच्या कामावरच्या एका पोराने निकाल देऊन टाकला. "एम्प्टी तरी कुठं? कायच नाय घेतला," शेजारच्या ड्रायव्हरने दुरुस्ती केली.

दिसायला ते खरंच आहे. 2022 मध्ये पहिल्याच हंगामात अजिंक्यपद आणि 2023 मध्ये उपविजेतेपद मिळवून देणारा कर्णधार गुजरात टायटन्सने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सला दिला आणि बदल्यात एकही खेळाडू घेतला नाही. 26 तारखेच्या संध्याकाळी जाहीर झालेल्या, कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिक गुजरातकडेच होता. दुसऱ्या दिवशी तो मुंबईचा झाला.

आयपीएलमध्ये असा निव्वळ पैशांचा ट्रेड चालतो. खेळाडूच्या कराराची रक्कम, इथे 15 कोटी, विकणाऱ्याच्या लिलावाच्या पर्समध्ये मोकळी होते आणि घेणाऱ्याच्या पर्समधून वजा होते. त्याखेरीज दोन संघांत ठरलेली ट्रान्सफर फी असते. ती पर्समध्ये धरत नाहीत आणि हार्दिकच्या बाबतीत ती जाहीरही झाली नाही. म्हणजे कंटेनरला सील आहे, आणि टपरीवर मात्र प्रत्येकाला आतला माल पाठ!

उघड हिशेब एवढाच: डिसेंबरच्या दुबईतल्या लिलावात गुजरातने स्पेन्सर जॉन्सनला 10 कोटी आणि शाहरुख खानला 7.40 कोटी मोजले. मुंबईने कॅमेरून ग्रीनला 17.50 कोटींना बंगळुरूकडे धाडून हार्दिकची जागा केली, वर अडीच कोटी उरले.

अमेरिकेच्या एनबीएत बड्या संघांना सहसा असं करता येत नाही. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघांना जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पगार जुळवावे लागतात. तरी फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सला दिला, तेव्हा बास्केटबॉलवाले चक्रावले. मुख्य मोबदला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 सालच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिल्या फेरीचा एक हक्क. पुढे कधीतरी मिळणाऱ्या वायद्याची किंमत उरणकराला समजावून सांगायला नको. संपादित जमिनींच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची वाट इथल्या घरांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे.

माझ्या मते हार्दिकचा सौदा एकतर्फी होता, पण मुंबईच्या हुशारीमुळे नव्हे. हार्दिकनेच परतण्याची इच्छा दाखवली, असं गुजरातचे क्रिकेट संचालक विक्रम सोळंकी यांनी तेव्हाच सांगितलं होतं. बंदरात माल अडकून डिमरेज चढायला लागलं की मालक भावासाठी घासाघीस करत बसत नाही, मिळेल त्यात सोडवतो. मन उडालेला कर्णधार म्हणजे रोज डिमरेज. अशा वेळी बरोबरीचा खेळाडू मागायला हातात जोर लागतो, तो गुजरातकडे उरला नव्हता.

बरं, मुंबईला तरी काय मिळालं? रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं आणि 2024 मध्ये वानखेडेवर आपल्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली. चौदापैकी दहा सामने हरून मुंबई तळाला. गुजरात आठवं. मग 29 जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि आठवडा उलटायच्या आत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. 30 मे 2025 ला एलिमिनेटरमध्ये हार्दिकच्या मुंबईने शुभमन गिलच्या गुजरातला 20 धावांनी घरी पाठवलं.

"बघ, मी काय म्हनत होतो," क्लिअरिंगवाला पोरगा म्हणाला. ड्रायव्हरने ग्लास ठेवला. "ते सोड. मुंबईनं लखनौकडून 2 कोटींत शार्दुल ठाकूर आनला आनि त्यांना 30 लाखांत अर्जुन तेंडुलकर दिला, त्याचं बोल." ते दोन वेगळे व्यवहार होते, एवढं मी म्हणेपर्यंत पुढची गाडी हलली आणि तो पळाला.