धर्मादाय खाट कुणाच्या हक्काची?

गरिबाला सरकारनं मदत करावी की दानशूरांनी, या वादाचं एक उत्तर महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत सापडतं. इमारत न्यासाची, सवलती सरकारच्या.

मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार तिथल्या १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के इतकी रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. दान मनावर असतं. आजारी माणसानं त्यावर विसंबून का राहावं?

ही खाट मात्र हक्काची आहे. म्हणून रुग्ण दाखल होतानाच नातेवाइकांनी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठावं. अशा रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. खाट नाकारली, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.