आकडा बदलला, कलम तेच

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा मी सगळ्यात आधी कलम 78 उघडलं. पाठलागाचं. जुन्या दंड संहितेतलं 354 (ड) उचलून तिथे ठेवलेलं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण जामीनपात्र. दुसऱ्यांदा दोषी ठरला तरच पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. ते वाचून आलेला संताप अजून उतरलेला नाही.

2013 च्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पाठलागाला जागाच नव्हती. दिल्लीत एका बाईच्या नावाने कुणी चॅट करत राहिला, तिचा फोन नंबर वाटत राहिला, तेव्हा पोलिसांनी दंड संहितेच्या कलम 509 वर वेळ मारून नेली. 2008 च्या दुरुस्तीने ओळखचोरीचं 66 (क) आणि तोतयेगिरीचं 66 (ड) दिलं, पण सोबत आलेलं 66 (अ) फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींवर चाललं. सर्वोच्च न्यायालयाने ते 2015 मध्ये रद्द केलं, हे उत्तम झालं.

2013 मात्र विसरता येत नाही. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर लोक रस्त्यावर होते, त्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला. 3 फेब्रुवारीच्या वटहुकमात पाठलागाला किमान एक वर्ष कैद होती आणि गुन्हा अजामीनपात्र होता. मार्चमध्ये विधेयक संसदेत गेलं आणि दोन्ही गोष्टी गळाल्या. आपल्यापैकी मुलींच्या मागे कोण गेलं नाही, असं खासदार शरद यादवांनी भर लोकसभेत विचारलं. कायदा त्याच मानसिकतेने मवाळ केला, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

पुढची दहा वर्षं मी पोलीस ठाण्यांतल्या बाकांवर बायकांसोबत बसून काढली. तक्रार बहुतेकदा एकच: नातं तुटलं, त्याने तिच्या नावाचं, तिच्या फोटोचं फेक अकाउंट काढलं, खाली नंबर टाकला, आणि रात्री-अपरात्री परके पुरुष फोन करू लागले. 354 (ड) लावायला जावं, तर संपर्क तो स्वतः करतच नाही, इतरांकडून करवतो. 66 (ड) ला फसवणूक लागते. 66 (क) पासवर्ड किंवा विशिष्ट ओळखचिन्हाबद्दल बोलतं. नाव आणि फोटो त्यात बसतात की नाही, यावर वकील तासभर भांडतात. ‘मॅडम, एनसी घेतो,’ म्हणत नुसती अदखलपात्र नोंद करून ठाणे अंमलदार मोकळा. गुन्हा नोंदवलाच, तर आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि पीआय साहेब बंदोबस्तावर. तोवर खातं डिलीट. हातात उरलेल्या स्क्रीनशॉटला तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या 65 (ब) चं प्रमाणपत्र लागायचं. जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते आणखी पक्कं केलं. त्या बाईने हे प्रमाणपत्र कसं मिळवायचं, हे मात्र ठाण्यात कुणी सांगत नाही.

नव्या संहितेने तोतयेगिरीच्या शिक्षेची कमाल मर्यादा तीनवरून पाच वर्षांवर नेली, कलम 319. तिथेही फसवणूक सिद्ध करावीच लागते, आणि तिचे तर कुणी पैसे लुबाडलेले नसतात. एक पोटकलम पुरलं असतं: दुसऱ्याच्या नावाने खातं काढून त्या व्यक्तीवर माणसं सोडणं हाही पाठलाग, आणि पहिल्या गुन्ह्यापासूनच अजामीनपात्र. डिसेंबर 2023 मध्ये ही विधेयकं मंजूर झाली तेव्हा विरोधी बाकांवरचे अनेक खासदार निलंबित होते. त्यामुळे या वेळची चर्चा त्यांच्याविनाच झाली.