गिरण्यांच्या गावातला संघ बड्यांना हरवू शकतो का?

सोलापुरात पार्क मैदानावर क्रिकेट बघत मोठी झालेली माणसं फुटबॉलचा विषय निघाला की पटकन निकाल लावतात. "तो कोलकात्याचा आणि गोव्याचा खेळ. आपल्यासारख्या गावचा क्लब मोहन बागानसमोर काय टिकणार?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

गावाच्या आकारापासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. मिझोरामच्या ऐझॉलची तीन लाखांच्याही आत. त्या ऐझॉल एफसीने २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकली, तेव्हा ती देशातल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक होती. आदल्या हंगामात हाच संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. मग मुंबईत घडलेले प्रशिक्षक खालिद जमील आले आणि अठरा सामन्यांनंतर ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६.

ऐझॉल डोंगरातलं, तिथल्या पोरांच्या रक्तातच फुटबॉल आहे, असं कुणी म्हणेल. मग कोइमतूर घ्या. सोलापूरसारखंच गिरण्यांचं, सुताचं गाव, लोकसंख्याही जवळपास तेवढीच. नावाने चेन्नई सिटी असलेला क्लब २०१८-१९ मध्ये घरचे सामने कोइमतूरला खेळत होता. ९ मार्च २०१९ ला शेवटचा सामना मिनर्व्हा पंजाबशी होता आणि पाठीमागे कोलकात्याचं ईस्ट बंगाल टपून बसलं होतं. तिसऱ्याच मिनिटाला मिनर्व्हाने गोल केला. पन्नासेक मिनिटं कोइमतूरच्या प्रेक्षकांनी तो फलक बघत काढली. मग पेद्रो मान्झीने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यानंतर गौरव बोरा या बचावपटूने दोन गोल मारले, दुसरा तर भरपाईच्या वेळेत. ४३ गुण विरुद्ध ईस्ट बंगालचे ४२. शंभर वर्षांच्या परंपरेपेक्षा सूतगिरण्यांच्या गावातला संघ एका गुणाने पुढे.

याला निव्वळ चमत्कार म्हणू नये. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, त्यामुळे कमजोर संघालाही एका चुकीचा, एका कॉर्नरचा फायदा उठवून सामना काढता येतो. कबड्डीत चाळीस-चाळीस गुण होतात तेव्हा जो बलवान तोच बहुतेक वेळा जिंकतो. आणि लीग जितकी छोटी, तितकी बड्या संघाला आपली ताकद दाखवायला संधी कमी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने असतात. इथे ऐझॉलला अठरा आणि चेन्नई सिटीला वीस सामने पुरले.

दुसरा गैरसमज मला जास्त लागतो, कारण तो आपल्या राज्याबद्दल आहे. महाराष्ट्राचा क्लब कधी वरपर्यंत पोचलाच नाही, असं लोक सर्रास म्हणतात. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता होता. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला: चर्चिल ब्रदर्सचे ५५ गुण, पुण्याचे ५२. सव्वीस सामन्यांनंतर फक्त तीन गुणांचं अंतर! आणि मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ असा दोनदा इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला आहे.

म्हणजे आपले संघ बड्यांना भिडले, हरवलेही. पुढे त्यांचं काय झालं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने २०१५ नंतर माघार घेतली. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये गेला. मुंबई एफसी त्याच वर्षी तळाला राहिला आणि तोही विसर्जित झाला. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये बंद पडला. एका दशकात सहा क्लब! यातले बहुतेक खेळात कमी पडले म्हणून बुडाले नाहीत.

इथेच "पैसेवाला मालक मिळाला की झालं" हा समज कोसळतो. या क्लबांमागे महिंद्रा, पिरामल, कल्याणी अशी नावं होती. पैसा लागतोच, मुंबई सिटीमागे मँचेस्टर सिटीचा समूह २०१९ ते २०२५ उभा होता आणि त्याचा परिणाम दिसला. पण क्लब एकाच खिशावर चालत असेल तर त्या खिशातला हात बाहेर आला की क्लब संपतो. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा सट्टेवाल्यांनी त्याला पाच हजारास एक असा भाव दिला होता. लेस्टरही होजियरीचं, विणकामाचं गाव. तिथेही मालक श्रीमंत होता, पण सोबत टीव्हीच्या हक्कांचा पैसा लीगमधल्या प्रत्येक क्लबला मिळतो आणि आपलं म्हणावं असं मैदान गावात होतं. २०२३ मध्ये लेस्टर खालच्या श्रेणीत गेला, तरी क्लब जिवंत राहिला. आपल्याकडे घसरणं आणि मरणं यांत अंतरच ठेवलेलं नाही. कोइमतूरचा तो विजेता संघसुद्धा २०२१ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही.

"प्रेक्षक नाहीत" म्हणणाऱ्याने हंगामात एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावं. पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ आमनेसामने असले की दुपारपासून पेठेपेठेतून पोरं निघतात. पायरीवर जागा पकडायला आधी जावं लागतं. म्हातारे आजोबा कुठल्या तालमीचे ते त्यांच्या ओरडण्यावरून कळतं. पास चुकला की "अरे, बाजूला मोकळा हाय की!" असा आवाज चार ओळी मागून येतो. क्लबला जे विकत घेता येत नाही, ते तिथे पिढ्यान्पिढ्या आहे. नाही ती पुढची वाट. जिल्ह्याच्या लीगमध्ये पहिला आलेला तालमीचा संघ राष्ट्रीय स्तरावर टिकायचा तर त्याला परवाना लागतो. परवान्यासाठी वयोगटांचे संघ, पात्र प्रशिक्षक, मैदान आणि हिशेबाची पुस्तकं लागतात. वर्गणी आणि पुरस्कर्त्यांवर चालणाऱ्या मंडळाला हे जड जातं.

वरचा दरवाजाही कायमचा बंद नाही. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता तिच्या वरच्या सुपर लीगमध्ये जाऊ लागला. आधी पंजाब एफसी गेला, मग मोहम्मडन स्पोर्टिंग. म्हणजे शिडी आहे, पायऱ्या उंच आहेत. ऐझॉल आय-लीगच्या पायऱ्या चढलं कारण खाली मिझोरामची स्वतःची लीग २०१२ पासून भरत होती, आणि गावातला पोरगा दर आठवड्याला अटीतटीचा सामना खेळत होता. सोलापूरला एखादा परदेशी स्ट्रायकर आणून काही होणार नाही. तेरा, पंधरा, अठरा वर्षांखालच्या पोरांना वर्षातून चार स्पर्धांऐवजी तीस सामने मिळाले, तर दहा वर्षांनी टक्कर देण्याची भाषा करता येईल. मला ती भाषा करावीशी वाटते.

एफसी पुणे सिटी गेल्यावर सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेता झाला. त्या हंगामात त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. संघाची जागा पुण्याहून हैदराबादला गेली. त्या दोन शहरांमधला रस्ता सोलापुरातून जातो.