पावसाळ्याची बेगमी

नदीनाले भरून रस्ता बंद झाला की, गाठीस पैसा असूनही बाजार दुरावतो. म्हणून आगोटीपूर्वी बेगमी करण्याची आपली जुनी चाल आहे. दररोज माणशी ४०० ग्रॅम धान्य धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास १२० दिवसांकरिता २४० किलोग्रॅम धान्य लागते. हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. धान्य उन्हात वाळवून, निवल्यावर कणगीत भरावे व जुने आधी वापरावे. अडचणीत देवघेवीस उपयोगी पडतो तो टिकाऊ व शेजाऱ्यासही लागणारा जिन्नस. कोकणात मीठ व सुकी मासळी देऊन भात घेण्याची रीत होती, ती यामुळेच. मात्र शेजारी उपाशी असता धान्य दडवणे ही बेगमी नव्हे, साठेबाजी होय, हा भेद शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावा.