बोटांना दिसणारी बटणे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही चौघे कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. गाडी आमच्या एका मित्राची, घेऊन जेमतेम महिना झालेली. आंबा घाट सुरू झाला, पाऊस वाढला, म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या. पाचच मिनिटांत समोरची काच आतून पांढुरकी होऊ लागली. जुन्या गाडीत अशा वेळी मित्राचा हात आपसूक एका बटणाकडे जाई आणि काचेवर हवेचा झोत सुरू होई. नव्या गाडीत ते बटणच नव्हते. त्याच्या जागी होता एक मोठा, गुळगुळीत पडदा. त्यावर चाललेले गाण्यांचे पान आधी बाजूला सारायचे, मग हवेचे चित्र शोधायचे आणि त्यात पुन्हा काचेचे चित्र. मित्र पडद्याकडे पाहू लागला आणि मागून कोणीतरी ओरडले, "अरे, समोर बघ!" वळणावरून एस.टी. येत होती.

काही झाले नाही. गाडी कडेला घेतली, काच साफ झाली, आम्ही पुढे निघालो. पण उरलेल्या वाटेवर आमच्यात वाद रंगला. मित्राचे म्हणणे, "सवय नाही अजून, होईल." आमचे म्हणणे असे की, सवयीने सुटणारा हा प्रश्न नाही. घरी आल्यावर आम्ही या वादाच्या मुळाशी जायचे ठरवले. त्यात हवेतली वाफ, डोळा, त्वचा आणि वीज असे शालेय विज्ञानातले अनेक धडे एकत्र आलेले दिसले.

काच धुरकट का होते?

हवेत पाण्याची वाफ किती मावेल हे तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना मात्र सुमारे १७ ग्रॅमच. गाडीच्या आत जेमतेम तीन-चार घनमीटर हवा. तिच्यात चार माणसांचा श्वास, ओले कपडे आणि पायाशी टाकलेल्या छत्र्या यांची भर सतत पडत असते. बाहेरून पावसाने आणि वाऱ्याने काच थंड झालेली. काचेला लागलेली हवा तेवढीच थंड होते आणि तिच्यात न मावणारी वाफ काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने बसते. बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला वर्गात ठेवला, तर हीच गोष्ट दाखवता येईल.

यावर उपाय म्हणजे कोरडी हवा काचेवर सोडणे. एसीच्या थंड नळ्यांवरून हवा गेली की तिच्यातले पाणी तिथेच गळून जाते (उभ्या गाडीखाली ठिबकणारे पाणी ते हेच). आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय अशा वेळी बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. पण पावसाळ्यात याच्या उलटही घडते. एसीचा गार झोत काचेवर बराच वेळ राहिला, तर काच इतकी थंड होते की बाहेरची दमट हवाच तिच्यावर थेंब धरते. ओळखायची खूण सोपी आहे. वायपर फिरवल्यावर काच स्वच्छ झाली, तर धुके बाहेरचे. मग झोत काचेवरून काढायचा आणि गारवा कमी करायचा.

म्हणजे झोताची दिशा, गारवा, बाहेरची हवा अशा दोन-तीन गोष्टी काही सेकंदांत बदलायच्या असतात. आणि नेमक्या त्याच वेळी डोळ्यांची गरज रस्त्यावर सर्वांत जास्त असते.

डोळा एका वेळी किती पाहतो?

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढा भाग, म्हणजे सुमारे दोन अंशांचा कोन, एवढाच भाग डोळ्याला खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसतो. बाकीचे चित्र अंधूक असते. डोळे सतत फिरत असल्यामुळे ते आपल्या लक्षात येत नाही, इतकेच. पटत नसेल, तर पुस्तकातल्या एका अक्षरावर नजर रोखून ठेवा आणि चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून पहा.

दुसरी अडचण अंतराची. रस्ता दूर, पडदा हातभर अंतरावर. नजर एकीकडून दुसरीकडे नेताना डोळ्यातल्या भिंगाला आपली फुगवट बदलावी लागते. वयानुसार हे भिंग कडक होत जाते. त्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' हे नावच पडले आहे! पडद्यावरची बारीक चित्रे वाचायला पन्नाशीच्या चालकाला जास्त कष्ट पडतात ते यामुळेच.

आता थोडे गणित. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तीन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर गाडी ३३ मीटर न पाहता गेली. घाटात तेवढ्यात एक वळण येऊन जाते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने २०१३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते की, गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहावे लागू नये आणि एक काम पुरे करायला एकूण बारा सेकंदांपेक्षा जास्त नजर लागू नये.

हाताची नजर

डोळे मिटा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. जमले ना? आपले हातपाय कुठे आहेत हे स्नायू आणि सांध्यांतले चेतातंतू मेंदूला सतत कळवत असतात. त्यात त्वचेच्या स्पर्शज्ञानाची भर पडते. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे पाहत नाही. वर उचललेल्या काळ्या पट्ट्या त्याच्या बोटांना जागा सांगतात. बटणांच्या फोनवर ५ या आकड्यावर बारीक उंचवटा असतो, तोही याचसाठी.

चांगले बटण हाताला तीन गोष्टी सांगते: मी इथे आहे, मी अमुक आहे आणि, 'टक्' करून, तुझे काम झाले. यातली दुसरी गोष्ट किती मोलाची आहे, याचा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर नीट उतरल्यानंतर वैमानिक चुकून चाके आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कारण शोधले. चाकांचा खटका आणि पंखांच्या पडद्यांचा खटका शेजारी शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत. त्याने एका खटक्यावर रबराचे छोटे चाक बसवले आणि दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. चुका थांबल्या. आजही विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. दोष वैमानिकांच्या निष्काळजीपणाचा नव्हता, हा यातला बोध.

पडदा बोटाला कसा ओळखतो?

पडद्याच्या काचेखाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक पदार्थाची बारीक जाळी असते. आपल्या शरीरात क्षारयुक्त पाणी असल्याने बोटही विजेचे वाहक आहे. बोट जवळ आले की त्या जागी विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारकता, किंचित बदलते. कुठे बदलली हे मोजून यंत्र बोटाची जागा ठरवते. म्हणूनच पेनच्या प्लास्टिकच्या टोकाने असा पडदा चालत नाही आणि ओल्या बोटाने तो गोंधळतो, कारण साधे पाणीही थोडीफार वीज वाहून नेते.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. बटण आपण आधी चाचपतो, हेच ते अशी खात्री करतो आणि मग दाबतो. चाचपणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पडद्यावर चाचपणे हेच दाबणे होते! बोट लागले की काम सुरू. त्यामुळे बोटाला शोधाशोध करण्याची मुभाच उरत नाही आणि ते काम डोळ्यांवर येऊन पडते. पडद्याची चित्रे पानागणिक बदलतात, म्हणून जागा पाठ करण्याचाही फारसा उपयोग होत नाही. त्यात खड्ड्यांमुळे हात हलत असतो, हे वेगळेच.

सवयीने सुटते का?

मित्राच्या मुद्द्याला उत्तर देणारी एक चाचणी स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली घेतली. एका धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवायच्या आणि तापमान बदलणे, काचेवर झोत सोडणे, रेडिओचे केंद्र लावणे अशी नेहमीची कामे उरकायची. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. अकरा नव्या गाड्यांबरोबर २००५ सालची एक जुनी, बटणांची व्होल्वोही होती. जुन्या गाडीत सगळी कामे १० सेकंदांत झाली; तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १३७२ मीटर गेली! ही अंतरे बरोबर आहेत का, हे विद्यार्थ्यांना वेगावरून ताडून पाहायला सांगा.

मग कंपन्या असे का करतात? त्यांनाही कारणे आहेत. मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा मुलांचे जीव वाचवतो. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा झाला. त्यासाठी पडदा हवाच. नकाशालाही तो उत्तम. आणि पडदा बसवलाच आहे, तर प्रत्येक बटणाचा साचा, तारा आणि जोडणी यांचा खर्च कशाला, असा हिशेब होतो. पडद्यावरची चित्रे पुढे बदलताही येतात. शिवाय गाडी दुकानात उभी असताना गुळगुळीत पडदा मनात भरतो. घाटातला पाऊस काही दुकानात नसतो.

आता वारे थोडे फिरू लागले आहे. २०१७ साली सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅककेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा नाविक मरण पावले. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत स्पर्शाच्या पडद्यावरून नौका चालवण्याची गुंतागुंतीची रचना हेही एक होते. २०१९ साली नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताच्या दांड्या बसवण्याचे ठरवले. युरोपात मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले की, २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक या पाच गोष्टींना खरीखुरी बटणे किंवा दांड्या नसतील, तर गुण कापले जातील. काचेवरच्या झोताचे बटण त्या पाचांत नव्हते. ते असायला हवे होते, असे घाटातल्या त्या पाच मिनिटांनंतर आम्हाला वाटते.

वर्गात करून पहा

एका कागदावर सारख्या मापाचे सहा चौकोन काढून त्यांत सहा वस्तूंची नावे लिहा. शेजारी त्याच सहा वस्तू ठेवा: खडू, खोडरबर, चमचा, किल्ली, बुचाचे झाकण, शिंपला. एका विद्यार्थ्याने डोळे मिटून आधी सांगितलेली वस्तू उचलायची आणि नंतर तिच्या नावाच्या चौकोनावर बोट ठेवायचे. वेळ आणि चुका दोन्ही मोजा. मग वस्तूंच्या आणि चौकोनांच्या जागा बदलून पुन्हा करा. सवय कशाला उपयोगी पडते आणि कशाला नाही, हे विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.

दुसरे काम घरी करायचे. घरातली कोणती उपकरणे मिट्ट अंधारात वापरता येतात आणि कोणती नाहीत, याची यादी विद्यार्थ्यांनी करावी. जुना पंख्याचा रेग्युलेटर पहिल्या यादीत येईल, सपाट काचेची विजेची शेगडी बहुधा दुसऱ्या. मग त्यांना विचारा: ज्यांना दिसत नाही अशा माणसांनी या दुसऱ्या यादीतली उपकरणे कशी वापरायची?

आमचा मित्र आता घाट सुरू होण्याआधी गाडी कडेला उभी करतो, हवा आणि झोत नीट लावून घेतो आणि मगच निघतो. पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावे. मात्र परवा बोलता बोलता तो म्हणाला की, काच धुरकट झाली की हात अजून जुन्या बटणाच्याच जागी जातो.